चर्चमध्ये एसी बसवणे आणि हवामानबदलाची जबाबदारी : कॅथलिक शिकवण नेमके काय सांगते?

कोलशेतकर

घोडबंदर रस्त्याकडच्या आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या स्थानिक धर्मग्रामात, सध्या एक वाद चालू आहे. तो बैठकीत सुटेल असे दिसत नाही, म्हणून येथे मांडत आहे. चर्चची जुनी इमारत कौलारू होती. नूतनीकरणात वर स्लॅब पडला, उंच खिडक्यांच्या जागी न उघडणाऱ्या काचा आल्या आणि आता एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊच्या मिस्सेलाही (चर्चमधील मुख्य उपासनेलाही) मागच्या बाकांवरची वृद्ध मंडळी प्रवचन संपायच्या आत उठून व्हरांड्यात जाऊन बसतात. त्यामुळे संपूर्ण चर्च वातानुकूलित करण्याचा प्रस्ताव पॅरिश कौन्सिलपुढे आला आहे. देणगीदारही तयार आहेत.

बैठकीत एका तरुण सभासदाने पोप फ्रान्सिस यांच्या 2015 मधील ‘लाऊदातो सी’ या पर्यावरणविषयक परिपत्रकाचा 55 वा परिच्छेद वाचून दाखवला. उपभोगाच्या घातक सवयी कमी होण्याऐवजी कशा वाढत आहेत, याचे साधे उदाहरण म्हणून तेथे नेमका एअर कंडिशनरचाच उल्लेख आहे. त्यावर बराच गदारोळ झाला. एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे की, चर्चचे काम आत्म्यांच्या तारणाचे आहे, तापमान मोजण्याचे नाही. दुसऱ्यांनी आकडेवारीच पुढे केली : भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, अमेरिकी माणसामागे त्याच्या सातपट, तेव्हा पापनिवेदनाच्या रांगेत आधी त्यांना उभे करावे.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हवामानबदलाविषयीची ही शिकवण कॅथलिक व्यक्तीवर बंधनकारक आहे, की तो पोपमहाशयांचा एक सदिच्छापूर्ण सल्ला आहे? आणि ती बंधनकारक असेल, तर ज्या देशाचे सरासरी उत्सर्जन इतके कमी आहे, त्या देशातल्या एका पॅरिशच्या वाट्याला नेमकी किती जबाबदारी येते?

वसईचा धर्मशिक्षक

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या परिपत्रकातच दोन ठिकाणी मिळते. हे पत्र चर्चच्या सामाजिक शिकवणीत आता समाविष्ट होत आहे, असे 15 व्या परिच्छेदात सांगितले आहे. म्हणजे 1891 च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकापासून कामगार, मजुरी, मालमत्ता यांविषयी जी शिकवण उभी राहिली, तिच्याच मालिकेत ते बसते आणि सल्ला म्हणून बाजूला ठेवता येत नाही. दुसरीकडे, 188 व्या परिच्छेदात स्पष्ट केले आहे की, वैज्ञानिक प्रश्नांचा निवाडा करण्याचा दावा चर्च करत नाही. त्यामुळे एखाद्या आकड्याविषयी शंका घेणारा माणूस पाखंडी ठरत नाही. परंतु ‘सृष्टीची मला पर्वा नाही’ किंवा ‘माझ्या वागण्याचा फटका ज्या गरिबाला बसतो, त्याच्याशी माझा संबंध नाही’ असे म्हणण्याची मुभा त्याला नाही. विज्ञानाच्या बाबतीतही पोप फ्रान्सिस नंतर अधिक कठोर झाले. 4 ऑक्टोबर 2023 च्या ‘लाऊदाते देउम’ या पत्रामध्ये, हवामानबदल मानवनिर्मित असल्याविषयी आता शंका घेता येत नाही, असे त्यांनी लिहिले आणि कॅथलिक वर्तुळातही या विषयाची टर उडवली जाते याची नोंद केली.

शिवाय हे सारे एकट्या फ्रान्सिस यांनी सुरू केलेले नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1 जानेवारी 1990 चा जागतिक शांतिदिनाचा संदेश पर्यावरणाच्या संकटावरच दिला होता. पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या काळात, 2008 मध्ये, व्हॅटिकनच्या पॉल सहावे सभागृहाच्या छतावर दोन हजारांहून अधिक सौर पट्ट्या बसल्या. पोप चौदावे लिओ यांनी जुलै 2025 मध्ये सृष्टीच्या जतनासाठीची नवी मिस्सा स्वतः अर्पण केली. आत्म्याचे काम वेगळे आणि सृष्टीचे वेगळे, अशी आपल्या ज्येष्ठ सभासदांनी केलेली विभागणी उपासनेच्या पुस्तकालाच मान्य नाही. याहून महत्त्वाची गोष्ट मला कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, दिसते. सृष्टीचा आदर हा विषय 2415 व्या परिच्छेदात येतो आणि तो सातव्या आज्ञेखाली, म्हणजे ‘चोरी करू नको’ या आज्ञेखाली, घातलेला आहे. तेथे येणाऱ्या पिढ्यांचाही उल्लेख आहे. जे आपले नाही ते वापरून संपवणे, अशा चौकटीत हा प्रश्न मांडला की, तो वृक्षारोपणाच्या कार्यक्रमापुरता उरत नाही.

आता सरासरीचा प्रश्न. श्रीमंत देशांची जबाबदारी अधिक आहे, हे परिपत्रक नाकारत नाही. 51 आणि 52 व्या परिच्छेदांत उत्तरेकडच्या देशांवरील ‘पर्यावरणीय ऋणा’ची चर्चाच आहे. परंतु ज्यांनी दोन टनांचा आकडा पुढे केला, त्यांनी 172 वा परिच्छेदही वाचावा. गरीब देशांनी आधी दारिद्र्य दूर करावे, हे सांगून झाल्यावर तेथे लगेच म्हटले आहे की, आपल्याच समाजातील काही सुस्थित वर्गांचा उपभोग लाजिरवाणा आहे, हेही या देशांनी मान्य केले पाहिजे. दोन टनांची ती सरासरी आपल्यासारख्यांनी कमी ठेवलेली नाही. ज्यांच्या घरात एक दिवा आणि एक पंखा आहे त्यांनी ती कमी ठेवली आहे आणि आपण तिच्या आडोशाला उभे आहोत. ठाणे जिल्ह्यात तर हे डोळ्यांसमोर आहे. भातसा, तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात, पाणी मुंबईला आणि उन्हाळ्यात शहापूरच्याच पाड्यांवर टँकर. लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंताने लाजराला मारले किंवा हाकलले, असे कोठेही लिहिलेले नाही. लाजर त्याच्या दाराशी पडून होता, एवढेच लिहिले आहे आणि त्या श्रीमंताला दोषी ठरवायला तेवढे पुरले. मिस्सेच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो, ती याच कारणासाठी.

स्पष्टवक्ता

धर्मशिक्षकांचे विवेचन अभ्यासपूर्ण आहे, पण त्यात मागच्या बाकावरची आजी हरवली. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या मैदानावरील पुरस्कार सोहळ्यात उष्माघाताने 14 माणसे दगावली, हे आपण विसरलो काय? समुद्रकिनाऱ्यावरील ठाण्यांसाठी हवामान खाते 37 अंशांपासूनच उष्णतेच्या लाटेचा विचार करते, कारण दमट हवेत घाम वाळत नाही. अशा हवेत सत्तरी ओलांडलेल्या माणसाला थंडावा देणे ही चैन नसून शेजारधर्म आहे. ज्यांच्या स्वतःच्या बेडरूममध्ये रात्रभर एसी चालतो, त्यांनी चर्चमधील एसीविरुद्ध परिच्छेद वाचून दाखवावेत, हे मला पटत नाही. पोपमहाशयांनी लिहिले ते बाजारपेठेने फुगवलेल्या मागणीविषयी. घोट घोट पाणी पीत मिस्सा ऐकणाऱ्या वृद्धांविषयी नव्हे.

ऐरोलीचा अभियंता

वातानुकूलन हा माझा व्यवसाय असल्याने थोडी तांत्रिक भर घालतो. त्यातून नैतिक प्रश्नही कदाचित लहान होईल.

चारशे माणसांच्या सभागृहाला चाळीस-पन्नास टनांची (येथे टन हे थंडाव्याच्या क्षमतेचे माप आहे, वजनाचे नव्हे) यंत्रणा सहज लागते, म्हणजे ती चालू असताना सुमारे पन्नास किलोवॅटची मागणी. यंत्रणा फक्त रविवारी चालवली, तर वर्षाचे युनिट भयंकर होणार नाहीत. पण वीजबिलातील स्थिर आकार वर्षभर भरावा लागतो आणि एकदा एसी बसला की, तो फक्त रविवारपुरता राहत नाही, हा माझा अनुभव आहे. लग्ने येतात, नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) येतात, मग गायनवृंदाचा सरावही थंडाव्यात होऊ लागतो. विजेपेक्षाही मला काळजी वाटते ती आतल्या वायूची. आर-410ए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 2,088 पट उष्णता अडवतो. त्याचा एक किलो गळला, तर आपल्या सभासदांनी सांगितलेले एका भारतीयाचे वर्षभराचे दोन टन त्या एका गळतीत निघून गेले, आणि एवढ्या मोठ्या यंत्रणेत असा वायू कित्येक किलो असतो. आर-32 चा गुणक 675 आहे, म्हणजे बराच बरा. एसी घेणारच असाल, तर निविदेत वायूचे नाव आणि गळती तपासण्याचे वेळापत्रक लिहून घ्या. ते सहसा कोणी विचारत नाही.

मात्र आपल्या वर्णनावरून मूळ दोष इमारतीत दिसतो. कौले लवकर तापतात आणि लवकर निवतात, शिवाय फटींतून गरम हवा वर निघून जाते. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळच्या मिस्सेला ते खाली सोडतो. न उघडणाऱ्या काचांमुळे ती उष्णता आतच कोंडते. आधी स्लॅबवर उष्णतारोधक थर आणि पांढरा परावर्तक लेप द्या, वरच्या काचांपैकी निम्म्या काढून झडपा बसवा आणि मोठ्या व्यासाचे, सावकाश फिरणारे पंखे लावा. असा एक पंखा साधारण दीड किलोवॅटच्या आत चालतो. स्पष्टवक्ता यांचा मुद्दा खरा आहे, म्हणून एका बाजूचे दालन काचेने वेगळे करून तेवढेच वातानुकूलित करावे आणि तेथे वृद्ध व आजारी माणसांची सोय करावी. अनेक चर्चमध्ये तान्ह्या मुलांसाठी अशी खोली असतेच. तापमान 24 च्या खाली नेऊ नये. प्रत्येक वाढीव अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते. आणि मेमध्ये नऊची मिस्सा साडेसहाला घेण्यास तर देणगीदारही लागत नाही.

सौर पट्ट्यांविषयी : दहा किलोवॅटला हजारएक चौरस फूट छत लागते आणि वर्षाला साधारण 14,000 युनिट मिळतात. चर्च आठवड्यातील बरेच दिवस रिकामे असल्याने नेट मीटरिंगशिवाय (उरलेली वीज ग्रिडला देऊन बिलात वळती करण्याच्या सोयीशिवाय) त्यात फारसा अर्थ नाही. केंद्राच्या छतावरील सौर विजेसाठीच्या सूर्यघर योजनेचे अनुदान निवासी ग्राहकांसाठी आहे, चर्चला ते मिळणार नाही. परंतु गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये मिळतात. आपल्या पॅरिशमधील किती जण आपापल्या सोसायटीच्या कमिटीवर आहेत, याचा शोध घेतला, तर चर्चच्या छतापेक्षा मोठे काम हाती लागेल.

विटाव्याची सून

आपण सारे छपरावर बोलत आहात, म्हणून मी खाडीकडे लक्ष वेधते. माझ्या सासरच्या दोन पिढ्या ठाण्याच्या खाडीत मासेमारी करत होत्या. आता जाळ्यात बोईट कमी आणि प्लॅस्टिक जास्त येते, आणि चिंबोरी धरायला ज्या तिवरांत (खारफुटीत) उतरायचे, तेथे रात्रीच्या वेळी येणारे ट्रक राडारोडा ओतून जातात. ओहोटीला चिखलातून फरशीचे तुकडे आणि वाकलेल्या सळ्या वर आलेल्या दिसतात. ही खाडी 2022 पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे आणि तिवरे तोडणे किंवा बुजवणे यावर उच्च न्यायालयाने 2018 मध्ये बंदी कायम केली आहे. तिवरांचा चिखल कार्बन धरून ठेवतो आणि भरतीचे पाणी वस्तीत शिरताना अडवतो. म्हणजे हवामानाच्या प्रश्नाची दोन्ही टोके तेथे आहेत.

माझा प्रश्न एवढाच आहे की, आपल्या चर्चचे नूतनीकरण झाले तेव्हा निघालेली कौले आणि जुन्या भिंतींचा राडारोडा कोठे गेला, हे कौन्सिलने कंत्राटदाराला विचारले होते काय? वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी बिल्डर आणि पाण्याच्या टँकरवाल्यांच्या विरोधात उभे राहिले, तेव्हा हे परिपत्रक निघायला कित्येक वर्षे बाकी होती. त्यांना 55 वा किंवा 172 वा परिच्छेद हाताशी लागला नाही.

कोलशेतकर

सर्वांचे आभार. बाजूचे दालन, वरच्या झडपा आणि स्लॅबवरील लेप असा पर्यायी प्रस्ताव पुढील बैठकीत मांडणार आहे. 172 वा परिच्छेद मराठीत करून सोबत जोडतो, कारण दोन टनांचा मुद्दा पुन्हा निघणारच. मिस्सेची वेळ बदलण्याला सर्वांत जास्त विरोध होईल, असा माझा अंदाज आहे. देणगी देण्यापेक्षा लवकर उठणे आपल्या लोकांना जड जाते. अभियंता साहेब, समुद्राकडून येणारा पावसाचा मारा पश्चिमेच्या भिंतीवर थेट बसतो, तेव्हा त्या बाजूला झडपा चालतील की फक्त पूर्वेला ठेवाव्यात, हे कृपया सांगावे.

विटाव्याच्या ताई, नूतनीकरणाची कागदपत्रे मी काल पाहिली. कंत्राटात राडारोड्याविषयी ‘कंत्राटदाराने विल्हेवाट लावावी’ एवढीच एक ओळ आहे, जागेचा उल्लेख नाही. वाहतुकीच्या पावत्या दाखवाव्यात, असे पत्र कौन्सिलच्या सचिवांमार्फत पाठवण्यास सांगितले आहे.