खाडे आधी की पगार आधी?

कुपवाडचा हिशोबनीस: माझं सरळ म्हणणं आहे, पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये हजेरी आणि पगार एकाच बटणावर ठेवू नका. आमच्या कारखान्यात असं बसवलंय की मशीनवर बोट टेकलं की पगाराचा आकडा लगेच हलतो, दिसायला लई भारी, पण ४ तारखेला छापलेली स्लिप आणि ५ला बँकेत गेलेली रक्कम जुळत नाही कारण मधल्या रात्री कुणीतरी जुनी रजा मंजूर करून मोकळं झालेलं असतं. आधी खाडे मोजा, हजेरीला कुलूप लावा म्हणजे पुढं कुणी बदलायचं नाही, मग पगार, मग पीएफ, कामगार विम्याचा ईएसआय, प्रोफेशनल टॅक्स. १५,६०० चा गडी, १० खाडे, महिन्याचे कामाचे दिवस २६ धरून भागलं तर रोज ६००, म्हणजे उरले ९,६००. त्यावर प्रोफेशनल टॅक्स १७५. खाडे कापायच्या आधी मोजला तर २०० जातात. पंचवीसच रुपये, पण टेबलासमोर येऊन तो मलाच विचारतो ना.

मिरजवाला: कुलूप कसलं लावताय राव. चैत्रात जत्रांना अर्धी पोरं गावाला, सुपरवायझर रजेचे कागद आठ दिवसांनी आणून टाकतो. तुम्ही २५ला कुलूप लावलं की त्या पोराचा पगार कापला, आणि वर म्हणणार फरक पुढच्या महिन्यात. गाडीचा हप्ता थांबतो का तोवर? कॉम्प्युटर आहे ना, मोजू दे की परत.

कुपवाडचा हिशोबनीस: मोजू दे, नाही कोण म्हणतंय. पण पैसे बँकेत गेल्यावर जुना महिना उकरायचा नाही, 'मागील फरक' म्हणून वेगळी ओळ.

कराडची कोडवाली: तुम्ही दोघं कुलपावर भांडताय, घोळ त्या २६ मध्ये आहे. ३१ दिवसांचा महिना, ४ रविवार, म्हणजे कामाचे दिवस २७. एक दिवस येऊन २६ खाडे केले की पगार शून्य! आलाच नाही तर उणे ६००, हे मी स्वतः स्क्रीनवर बघितलंय. आम्ही शेवटी अट टाकली, खाडे निम्म्याच्या वर गेले की कापायचं सोडून भरलेले दिवस गुणिले ६००.

वाईकर: एवढा कुटाणा कशाला, ३० ने भागा की.

कराडची कोडवाली: मग रोज ५२०. सगळे २७ खाडे करून घरी बसला तरी १,५६० मिळणार, फुकटचे. मालकाला तुम्ही सांगा.

मिरजवाला: बरं, २६चं पटलं. पण कुलूप २५ला नाही म्हणजे नाही. पगार ७ च्या आत द्यायचाय ना, मग ३ला लावा.

कुपवाडचा हिशोबनीस: ३ला? मधी रविवार आला तर बँकेची फाईल रात्री बसून करू का? १ तारखेला संध्याकाळी, त्यापुढं नाही. आणि त्या सुपरवायझरच्या मागं कागदासाठी कोण पळणार ते बी ठरवा.