शिवडीच्या फ्लेमिंगोंवर कुठलं झिरझिरीत कापड टाकू?

दादरची_सुई:
भिंतीवर लावायचं आर्ट क्विल्ट, म्हणजे गोधडीसारखं शिवलेलं चित्र, करतेय. शिवडीची खाडी, ओहोटीचा चिखल, मागे तिवरं आणि पुढे फ्लेमिंगोंचा थवा, सगळं सुती कापडाचं ॲप्लिके (तुकडे कापून वर शिवणं) झालंय पण सकाळचं धुकं आणि चिखलावरचं पाणी काही केल्या येत नाहीये, म्हणून वरून पारदर्शक थर द्यायचाय. ऑर्गेंझा, शिफॉन की नेट? पांढरा ऑर्गेंझा नुसता टाकून बघितला तर पक्ष्यांचा गुलाबी पार फिका पडला.

टाकेवाली_मावशी:
अगं पांढरा अख्ख्या पॅनलवर नकोच. झिरझिरीत कापडाचा रंग खालच्या प्रत्येक रंगात मिसळतो, पांढऱ्याने सगळं फिकट होतं, गडद घेतलं की खालचे रंग खोल जातात. धुकं फक्त तिवरांवर दे, लांबचं तेवढंच धूसर दिसू दे. जिथे थर पक्ष्यांवर येतोय तिथे पक्ष्याच्या कडेने बारीक शिवून घे आणि आतला ऑर्गेंझा छोट्या कात्रीने कापून टाक, गुलाबी लगेच उठून येईल. मला स्वतःला हे काम फार आवडतं!
नेटचं म्हणशील तर काळं नेट गडद कापडावर जवळजवळ दिसतच नाही, चिखलावर बारीक कातरण पसरून ती धरून ठेवायला त्याच्यासारखं काही नाही.

खाडीकाठचा:
ताई, पाण्यासाठी ऑर्गेंझाचे दोन थर घ्या आणि वरचा किंचित तिरका ठेवा, दोन्हीचे धागे एकमेकांवर येऊन आपोआप लाटांसारख्या रेघा दिसतात आणि आपण हललो की त्याही हलतात. शिफॉनमध्ये ही मजा नाही, ते मऊ पडतं आणि शिवताना सरकतं.
फक्त सिल्क की पॉलिस्टर ते बघून घ्या. दोनचार धागे जाळले की कळतं, सिल्कला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरडते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. पॉलिस्टरवर गरम इस्त्री नको, पण त्याची कड सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने कापली तर दोरे सुटत नाहीत (खिडकी उघडी ठेवा, धूर वाईट असतो).

दादरची_सुई:
दोन थरांचं डोक्यातच नव्हतं आलं, आजच बघते! चिकटवायला खाली फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारा गोंदाचा थर) चालेल का?

टाकेवाली_मावशी:
नको, गोंद वरून चमकतो. टाचण्या लाव, मग कच्चा धावदोरा घाल, आणि मशीनला ९ किंवा ११ नंबरची नवी सुई, जुनी सुई धागे ओढते. पाण्यावर मात्र हातानेच गोधडीचे आडवे टाके घाल, राखाडी दोऱ्याने. आणि मंगळदास मार्केटला जाशील तेव्हा पक्ष्यांचा आणि चिखलाचा तुकडा बरोबर ने, त्याच्यावर कापड टाकून चार पावलं मागे जाऊन बघ, जमलं तर गल्लीच्या तोंडाशी उजेडात. रविवारी बंद असतं.