मदत हवी आहे: फिश टँकसाठी भरून ठेवलेलं आरओचं पाणी ड्रममध्ये बुळबुळीत होतंय

नमस्कार मंडळी,

आरओचं पाणी ड्रममध्ये भरून ठेवलं की काही दिवसांत आतल्या भिंतीला हात बुळबुळीत लागतो आणि झाकण काढताच कोंदट वास येतो. पाणी मात्र दिसायला नितळ, आणि टीडीएस मीटर भरताना दाखवलेलाच आकडा दाखवतो. असं पाणी टँकमध्ये घालावं की ओतून द्यावं? ड्रम कशाने धुवावा, म्हणजे मासे आणि कोळंबी दोघांनाही बाधणार नाही?

आम्ही गोव्यात बार्देशात राहतो, घर खाजनाला (खाडीकाठच्या खारट शेतजमिनीला) लागून. विहीर आहे, पण उन्हाळ्यात तिचं पाणी मचूळ होतं. नळाचं पाणी अस्नोड्याहून येतं. त्याला क्लोरिनचा वास असतो, आणि पावसाळ्यात नदी गढूळ झाली की तो जास्तच जाणवतो. माझ्याकडे डिस्कस माशांची जोडी आहे. अंडी घालते, पण कठीण पाण्यात ती अंडी फळत नाहीत, म्हणून मऊ पाण्याचा हा खटाटोप. दुसऱ्या छोट्या टँकमध्ये झाडं आणि चेरी श्रिम्प, म्हणजे छोटी कोळंबी, आहेत. डिस्कसचं पाणी वरचेवर बदलावं लागतं आणि मशीन थेंबथेंब भरतं, त्यामुळे साठवण्यावाचून इलाज नाही. ड्रम पांढरा, अर्धपारदर्शक, पडवीत ठेवलेला. थेट ऊन नाही, पण उजेड भरपूर.

आजूबाजूला विचारलं तर कुणी तुरटी फिरवायला सांगतं, कुणी तांब्याचा गडू आत सोडायला. पिण्याच्या पाण्याला आपण ते करतोच, पण माशांच्या बाबतीत मन धजत नाही. शिवाय डासांची धास्ती आहे. घरात लहान मूल आहे आणि पाऊस तोंडावर आलाय. ज्यांनी असं पाणी साठवलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद:
ताई, आधी तांबं विसरा. आपल्याला ते चालतं, पण कोळंबीला तांब्याचा अंशसुद्धा मारक असतो, आणि मऊ पाण्यात त्याचा विषारीपणा आणखी वाढतो. तुरटीही नको. ती पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल झेलण्याची ताकद, खाते, आणि आरओच्या पाण्यात ती मुळातच नसल्यासारखी, त्यामुळे पीएच धाडकन खाली येतो.

आता बुळबुळीचं. नळाच्या पाण्यात थोडा क्लोरिन शिल्लक असतो, तोच जिवाणूंना रोखून धरतो. आरओची मेम्ब्रेन (क्षार अडवणारा पडदा) क्लोरिनने खराब होते म्हणून तिच्या आधी कार्बन फिल्टर बसवलेला असतो, आणि तो क्लोरिन काढून टाकतो. म्हणजे ड्रममध्ये पडणारं पाणी स्वच्छ असतं, पण त्याला राखणदार नसतो. हवेतली धूळ, नळीतली घाण, आपले हात, एवढ्यावर जिवाणू भिंतीला धरून थर करतात. टीडीएस मीटरला फक्त विरघळलेले क्षार कळतात, जिवाणू कळत नाहीत. म्हणून आकडा तोच राहिला.

हा थर बहुधा माशांना विषारी नसतो. तरी वास येत असेल तर अंडी किंवा पिल्लं असलेल्या टँकमध्ये ते पाणी घालू नका, झाडांना घाला.

धुताना ड्रम रिकामा करून आधी ब्रशने घासा. नुसतं औषध ओतलं तर थराच्या आतपर्यंत पोचत नाही. मग साधं, बिनवासाचं ब्लीच घ्या. बाटलीवर सुमारे ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिहिलेलं असेल तर लिटरमागे १ मिली पुरतं. ड्रम काठोकाठ भरून अर्धा तास ठेवा. पंप, नळी, तोटी सगळ्यांतून ते पाणी फिरू द्या, कारण बरेचदा पुन्हा लागण नळीतूनच होते. नंतर वास जाईपर्यंत खळखळून धुवा आणि उन्हात कडकडीत वाळवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा बाथरूमचं अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका, क्लोरिन वायू सुटतो. साबण तर नकोच.

प्रतिसाद:
वरचं सगळं बरोबर. माझं आणखी एक म्हणणं: ड्रम बदला. काळा किंवा गडद निळा, फूड ग्रेड, घट्ट झाकणाचा घ्या. उजेडच गेला नाही तर शेवाळ धरत नाही. पण भंगारवाल्याकडचे निळे ड्रम घेताना आधी आत काय होतं ते विचारा. औद्योगिक वसाहतींतून आलेल्या ड्रममध्ये काहीही असू शकतं आणि प्लास्टिक ते धरून ठेवतं. लोणच्याचा किंवा सरबताचा ड्रम असेल तर वास येईल, पण घात होणार नाही.

डासांचं म्हणाल तर डेंग्यूच्या डासाला असंच स्वच्छ, स्थिर पाणी आवडतं. अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने तग धरतात. म्हणून ड्रम आठवड्याला रिकामा करायचाच, आणि तेव्हा भिंत घासायची. झाकणाच्या भोकाला बारीक जाळी लावा.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. तांब्याचं वाचून धस्सच झालं. आणखी एक विचारते: भरल्यावर दुसऱ्या दिवशी पीएच ६ च्याही खाली दिसतो. हेही जिवाणूंमुळेच का?

प्रतिसाद:
नाही ताई. क्षार नसलेलं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं, त्यामुळे पीएच साडेपाच-सहापर्यंत उतरतो. अशा पाण्यात मीटरही स्थिर राहत नाही. त्यावर औषध शोधू नका. टँकमध्ये घालण्याआधी बादलीत क्षार मिसळा, मगच पीएच मोजा. क्षार ड्रममध्ये मिसळून ठेवू नका. डिस्कसना वेगळं लागतं, कोळंबीला वेगळं.

तुमचं मशीन स्वयंपाकघरातलं पिण्याच्या पाण्याचं आहे का? त्यांतल्या काहींमध्ये तांब्याचं कार्ट्रिज असतं, आणि टीडीएस वाढवायला थोडं कच्चं पाणी मिसळणारा स्क्रूही असतो. तसं असेल तर मेम्ब्रेनमधून निघणारी नळी थेट ड्रमला जोडून घ्या. मशीन सुरू केल्यावरचं पहिलं लिटर-दोन लिटर पाणी फेकून द्या, त्यात टीडीएस चढा असतो.

धागाकर्ती:
मशीन स्वयंपाकघरातलंच आहे, आणि आत्ता उघडून पाहिलं तर पुढे लालसर कार्ट्रिज आहे. मेकॅनिकला बोलावते. तो येईपर्यंत कोळंबीच्या टँकला गच्चीवरच्या टाकीतलंच पाणी, क्लोरिन मारणारं औषध घालून, थोडं थोडं देते. चालेल ना?

प्रतिसाद:
चालेल. चेरीला मऊ पाण्याची गरजच नाही. फक्त टाकीत तांब्याची पाइप किंवा जुना पितळी व्हॉल्व्ह नाही ना, तेवढं बघून घ्या.