हागीचा किल्ला, बाबांचे गुडघे आणि शिझुकी डोंगर – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात आईबाबा इकडे ओसाकाला येतायत आणि बाबांना यामागुचीतला हागीचा किल्ला बघायचाच आहे, मोरी तेरुमोतो या सरदाराने १६०४ मध्ये अगदी समुद्राला लागून बांधायला घेतलेला तो. पाच मजली मुख्य इमारत १८७४ ला पाडली, आता खंदक, तटबंदी आणि चौथरा उरलाय. मी मागे एकटा गेलो होतो, चौथऱ्यावर खांबांखालचे दगड अजून ओळीने आहेत, तिथे उभं राहिलं की गलबलतं खरंच.

प्रश्न मागच्या शिझुकी डोंगराचा, १४३ मीटरच आहे पण मी वर गेलो नव्हतो. माथ्यावर पाचरीच्या खुणांचे (दगड फोडायला पाचरी ठोकल्याच्या खुणा) दगड आहेत, तेच बाबांना बघायचेत. गुडघेदुखीवाल्याला ती वाट झेपेल का? आणि शिन-यामागुची रेल्वे स्टेशनहून बसने जाऊन त्याच दिवशी परत येणं जमतं की मुक्काम करावा? कोणी वयस्कर माणसांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सांगा.