एका ब्रॉडबँडवर तीन संगणक: एक सुरू केला की बाकीच्यांना नेट मिळत नाही. मदत हवी आहे

दोन_खिडक्या
घरात एक ब्रॉडबँड, तीन संगणक. एक माझ्या कामाचा, एक मुलीचा, तिसरा जुना डेस्कटॉप. आठ पोर्टचा स्विच आणला, कंपनीच्या डब्यातून आलेली वायर त्यात घातली आणि तिथून तिन्हींना वायरी दिल्या. स्विचवरचे दिवे सगळे लागतात, पण नेट एका वेळी एकाच संगणकावर चालतं. जो आधी सुरू होईल त्याला मिळतं, बाकीचे कोरडे. वायरी बदलून झाल्या, पोर्ट बदलून झाले. कंपनीत फोन केला की "आमच्याकडून लाइन ठीक आहे" एवढंच ऐकायला मिळतं. सोमवारी मुलीची ऑनलाइन परीक्षा आणि माझी मीटिंग एकाच वेळी आहे. नेमकं काय करायचं ते कृपया लवकर सांगा.

रात्रपाळी
डब्याला पोर्ट किती आहेत? तो नुसता मोडेम (कंपनीची लाइन संगणकाला जोडणारा) आहे की राउटरही (एक कनेक्शन अनेक संगणकांना वाटणारा) आहे? नेट चालत नसलेल्या संगणकांवर आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा संगणकाचा क्रमांक, काय दिसतो? हे कळल्याशिवाय सगळे अंदाजच होतील.

मेशवाला
वायरींच्या भानगडीत पडूच नका. मेश वायफाय घ्या, म्हणजे घरात ठिकठिकाणी ठेवायची एकमेकांना जोडलेली वायफायची यंत्रं. आमच्या घरात तीन ठिकाणी ठेवलंय, गच्चीपर्यंत रेंज येते. सेटिंग मोबाइलवरून होतं.

दोन_खिडक्या
@मेशवाला, रेंजचा प्रश्नच नाही हो. डेस्कटॉपला वायफाय नाही आणि परीक्षेसाठी मला वायरच हवी आहे.
@रात्रपाळी, डब्याला एकच पोर्ट आहे. आयपी कुठे बघायचा?

जुनी_तार
राउटरचा खर्च कशाला? विंडोजमध्ये इंटरनेट कनेक्शन शेअरिंग आहे, अगदी ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून. एका संगणकात दुसरं लॅन कार्ड (नेटची वायर लावायचं) बसवा. एका कार्डात डब्याची वायर, दुसऱ्यातून स्विचकडे. मग नेटच्या कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंगवर टिक करा. तो संगणक १९२.१६८.१३७.१ हा पत्ता घेतो आणि बाकीच्यांना स्वतःच पत्ते वाटतो. मी बरीच वर्षं असंच चालवलं.

रात्रपाळी
चालतं, पण मग तो संगणक कायम चालू ठेवावा लागतो. ऐन परीक्षेत त्याने अपडेटसाठी रिस्टार्ट घेतला की सगळ्या घराचं नेट गेलं. या कामाला मी संगणक ठेवणार नाही.
@दोन_खिडक्या, कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग ही कमांड द्या. तिन्ही संगणकांवर काय येतं ते लिहा.

जुनी_तार
अपडेट पुढे ढकलता येतात. आणि परीक्षा सोमवारी आहे, नवं यंत्र आणून त्याचं सेटिंग शिकत बसण्यापेक्षा घरात आहे त्यावर भागवणं बरं.

गवतफूल
मधेच विचारते. माझा १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, पण फाइल उतरवताना वेग १२ च्या वर जात नाही. कंपनी फसवतेय का?

उंबरठा
@गवतफूल, नाही. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, फाइल उतरते मेगाबाइटमध्ये. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० भागिले ८ म्हणजे १२.५. तुम्हाला पूर्ण वेग मिळतोय.
मूळ प्रश्नासाठी: वायरी तपासा. जुन्या घरगुती वायरींत कधीकधी आठऐवजी चारच तारा जोडलेल्या असतात. त्यावर १०० मेगाबिट चालतं, गिगाबिटला आठही लागतात.

रात्रपाळी
@उंबरठा, एकाला नेट आणि बाकीच्यांना अजिबात नाही, हे वायरीचं लक्षण नाही.

दोन_खिडक्या
घ्या. माझ्या संगणकावर दोन नोंदी आहेत. इथरनेटखाली १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आणि ब्रॉडबँड कनेक्शनखाली १००.७२ ने सुरू होणारा. बाकी दोघांवर फक्त १६९.२५४ वाला. तिथे युजरनेम-पासवर्ड टाकला की ६९१ एरर येते.

रात्रपाळी
युजरनेम-पासवर्ड प्रत्येक संगणकावर टाकता?

दोन_खिडक्या
हो, नेट लावायचं म्हणजे टाकावाच लागतो ना. वायर बसवायला आलेल्या माणसाने तशीच खिडकी करून दिली होती.

रात्रपाळी
मग उलगडलं. तुमचा डबा नुसता मोडेम आहे, कनेक्शन संगणकच जोडतोय. या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात. तुमच्या खात्यावर कंपनी एका वेळी एकच लॉगिन चालू देत असणार. पहिला आत शिरला की दुसऱ्याला नकार, तीच तुमची ६९१. स्विचचा यात काही दोष नाही. तो फक्त वायरी एकत्र आणतो, लॉगिनही करत नाही आणि पत्तेही देत नाही. १६९.२५४ चा अर्थ, संगणकाने पत्ता मागितला, कोणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक लावून घेतला.

साधा राउटर आणा. डब्याची वायर त्याच्या वॅन (बाहेरच्या नेटच्या) पोर्टमध्ये, लॅन (घरातल्या संगणकांच्या) पोर्टमधून एक वायर स्विचला. राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅनचा प्रकार पीपीपीओई निवडून तिथे युजरनेम-पासवर्ड भरा. संगणकांवरची ब्रॉडबँडची खिडकी कायमची बंद, आणि आयपी आपोआप मिळवा असं ठेवा. मग राउटर एकदाच लॉगिन करेल आणि तिघांना घरातले पत्ते देईल, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारे.

उंबरठा
तुमच्या संगणकाला मिळालेला १००.७२ सुद्धा खरा बाहेरचा पत्ता नाही. १००.६४ ते १००.१२७ ही पट्टी कंपन्यांनी एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटावा म्हणून २०१२ मध्ये राखून ठेवली. बाहेरून घरातला कॅमेरा बघायचा असेल तर अडचण येईल.

दोन_खिडक्या
कॅमेरा नाही. राउटर मित्राकडून आणला, सांगितलं तसं जोडलं. स्टेटसमध्ये नुसतं "कनेक्टिंग" दिसतंय. युजरनेम-पासवर्ड वाचून वाचून टाकला आहे.

जुनी_तार
म्हणूनच म्हणत होतो, शेअरिंग करा.

रात्रपाळी
दोन गोष्टी. एखादा संगणक जुन्या खिडकीतून अजून जोडलेला राहिला नाही ना? सगळ्यांवर तोडा, डबा आणि राउटर बंद करून थोडा वेळ थांबा, म्हणजे कंपनीकडचं जुनं लॉगिन सुटेल. तरी जमलं नाही तर कनेक्शन तुमच्या संगणकाच्या मॅक पत्त्याला, म्हणजे त्याच्या लॅन कार्डाच्या ओळख क्रमांकाला, बांधलेलं असेल. राउटरमध्ये मॅक क्लोन नावाची सोय असते, ज्या संगणकावर नेट चालत होतं त्याचा मॅक तिथे द्या. किंवा कंपनीला फोन करून "मॅक रीसेट करा" एवढंच सांगा. "नेट चालत नाही" म्हणालात तर पुन्हा लाइन ठीक आहे असंच ऐकाल.

दोन_खिडक्या
मॅक रीसेट करा म्हटल्यावर बोलतानाच केलं त्यांनी! तिन्ही संगणकांवर नेट आहे. रात्रपाळी, मनापासून आभार. आता एकच. मी मोठी फाइल वर चढवायला लावली की मुलीच्या व्हिडिओत आवाज तुटतो.

मेशवाला
मेशला असं होत नाही.

रात्रपाळी
वायरवर आहेत ते, मेश काय करणार? अपलोड पूर्ण भरला की त्याच रांगेत मुलीचा आवाजही अडकतो. राउटरमध्ये क्यूओएस किंवा बँडविड्थ कंट्रोल (कोणाला किती वेग ते ठरवायची सोय) शोधा आणि तुमच्या संगणकाचा अपलोड निम्म्यावर आणा. ती सोय नसेल तर सोमवारी परीक्षा होईपर्यंत फाइल चढवू नका, आणि क्लाउड बॅकअपही तेवढा वेळ बंद ठेवा. तो मागे गुपचूप अपलोड करत असतो.