रात्रीच्या बादलीचा आवाज

बी-२०४ काका: सुप्रभात. बी-३०४ ला शेवटची विनंती. काल रात्री पुन्हा १ वाजता, पावणेतीनला, ४ ला, ५ ला मोरीत बादली. मागच्या मीटिंगला बोललो होतो. खाली माणसं राहायलीत का नाही?

सेक्रेटरी: काका, हे फोनवर बोला ना. बाकी, टँकरचे ६०० रुपये अजून ९ घरांचे यायचेत. 🙏

बी-३०४ वहिनी: काका, त्रासाबद्दल माफ करा. अप्पा लघवीला उठायलेत. पाण्याचा नेम नाही म्हणून फ्लश न करता तांब्यानं पाणी टाकतात, हात थरथरतो, बादलीची कडी आपटते. आज कडीला कापड गुंडाळलंय. मीटिंगमध्ये लाजेनं बोलले नाही, आता सांगते. अप्पांना प्रोस्टेटचा, म्हणजे लघवीच्या पिशवीखालच्या ग्रंथीचा, कॅन्सर निघाला. तुकडा काढून तपासला, त्या बायोप्सीचा रिपोर्ट मंगळवारी आला. कमरेच्या हाडांत उतरलाय.

ए-३०२ काकू: अगं बाई! परवा तर जिन्यात भेटले, हसून बोलले.

सी-१०३: लवकर बरे होवोत. पण ग्रुपवर महिला आहेत, असले विषय जरा...

ए-३०२ काकू: धोतरं महिलाच धुतात, भाऊ.

बी-३०४ वहिनी: तेच सांगायचंय. धोतरावर दोनदा लालसर डाग दिसला, मी म्हटलं पानाचा असेल. आठ महिने कमर दुखायली होती. एका दवाखान्यात मणक्याची गादी सरकली म्हणून पट्टा दिला. धार बारीक झालीय, सुरू व्हायला वेळ लागतो, हे अप्पांनी तिथं सांगितलंच नाही. वय झालं की होतंच, म्हणाले. मी सून, कसं विचारणार? शेवटी एका डॉक्टरांनी याच ग्रंथीसाठीची रक्ताची पीएसए तपासणी लिहिली. १४२ आली, खूपच जास्त.

सी-४०१ आबा: भोपळ्याच्या बिया भिजवून खा म्हणावं. आमच्या मेव्हण्याला लघवी मोकळी झाली.

ए-४०३ ताई (लॅब): आबा, बियांनी कॅन्सर जात नाही. आणि सगळ्यांनी घाबरू पण नका. रात्री उठावं लागणं, धार बारीक होणं, हे बहुतेक वेळा वयानं ग्रंथी वाढल्यामुळं होतं, तो कॅन्सर नसतो. उलट कॅन्सर सुरुवातीला बहुधा काहीच त्रास देत नाही. म्हणून त्रासाची वाट बघू नका. पन्नाशीनंतर तपासणी करायची का ते डॉक्टरांना विचारा. वडिलांना किंवा भावाला झाला असेल तर ४५ लाच.

सी-१०३: म्हणजे निंबाखालच्या बाकाची हजेरीच घेणार ताई 😄

सेक्रेटरी: टँकरचे ६०० रुपये. ८ घरं.

सी-४०१ आबा: टँकर सगळा ए विंगला उतरतो, पैसे मात्र सगळ्यांनी द्यायचे!

ए-१०२: आबा, व्हॉल्व्ह तुमच्याच पोरानं फिरवला होता. विसरलात का?

बी-३०४ वहिनी: पाण्याचं नंतर भांडा हो. माझं एवढंच, लघवीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. कंबर महिनोन् महिने दुखत असली तर लघवीचंही डॉक्टरांना सांगा. लाजू नका.

ए-१०२: माझी पीएसए मागच्या वर्षी ६ आली होती, वाढलेली. झोप उडाली. इन्फेक्शन निघालं, औषधानंतर उतरली.

ए-४०३ ताई (लॅब): तेच. आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच असं नाही. डॉक्टर मागच्या बाजूनं बोटानं ग्रंथी तपासतात, गरज वाटली तर एमआरआय, मग बायोप्सी. पक्कं बायोप्सीतच कळतं. वाढलेल्या ग्रंथीसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडची गोळी चालू असली तर आधी सांगा, त्यानं पीएसए निम्म्यावर येतो, आकडा चांगला दिसून फसगत होते.

सी-१०३: खर्चाचं काय? सगळ्यांना जमणार का?

बी-३०४ वहिनी: आम्ही घाटीत, सरकारी दवाखान्यात, दाखवलं, आता आमखासजवळच्या सरकारी कॅन्सर हॉस्पिटलात जायलोय. कॅन्सरचे उपचार सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बसतात, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. अप्पांना हार्मोनचं इंजेक्शन सुरू झालंय. पाय लुळे पडले किंवा लघवी तुंबली तर वाट न बघता आणा, असं बजावलंय.

सी-१०३: वहिनी, मघाचं मनावर घेऊ नका. नेण्या-आणण्याला माझी गाडी आहे. पहाटे पण हाक मारा.

सेक्रेटरी: अप्पांना सगळ्यांकडून शुभेच्छा. टँकर, ८ घरं.

बी-३०४ वहिनी: काका (२०४), एक विचारू का? पावणेतीनला, ४ ला, ५ ला तुम्हीही जागेच असता ना?

ए-३०२ काकू: 🙏

बी-२०४ काका: वहिनी, सकाळी जरा जास्तच बोललो. कडीला कापड नका बांधू, अप्पा धडपडले तर मला ऐकू तरी येईल. मी पण तीनदा उठतो. दोन वर्षं झाली. घरात सांगितलं नाही.

बी-२०४ काका: ताई, उपाशीपोटी यायचं का?

ए-४०३ ताई (लॅब): पीएसएला उपाशी लागत नाही काका. तुम्ही रोज सायकल चालवता, दोन दिवस बंद ठेवा. लघवीला जळजळ असली तर आधी सांगा. शनिवारी ८ ला या, मी असते.

बी-२०४ काका: येतो. काकूला घेऊन येतो.