श्वासाबद्दल वाचता वाचता शिकलेलं इंग्रजी : तुमचे अनुभव लिहा

मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि आता इंग्रजी वाचनाची सवय लावू पाहणाऱ्यांसाठी हा धागा. श्वसन आणि आरोग्यावरचे सोपे विज्ञानलेख वाचायला लागल्यापासून माझ्या लक्षात शब्द राहू लागले, कारण वाचलेलं तिथल्या तिथे स्वतःच्या शरीरात तपासता येतं. 'द डायफ्रॅम कॉन्ट्रॅक्ट्स' वाचलं, पोटावर हात ठेवला, श्वास घेतला. पोट पुढे आलं, म्हणजे डायफ्रॅम, छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, आकुंचन पावून खाली सरकला. 'कॉन्ट्रॅक्ट'चा करारापलीकडचा अर्थ असा पक्का झाला. तुमचे शब्द, उच्चार, अडचणी, सगळं येऊ द्या.

*

मी नर्सिंगला आहे. पहिल्या वर्षी ग्रीक-लॅटिन शब्दांनी धडकी भरायची. मग 'प्निया' म्हणजे श्वास एवढं धरून ठेवलं. ॲप्निया म्हणजे श्वास थांबणं, डिस्प्निया म्हणजे श्वास घ्यायला त्रास होणं, टॅकिप्निया म्हणजे तो जलद चालणं. 'टॅकि' म्हणजे जलद हे कळल्यावर टॅकिकार्डिया, म्हणजे हृदयाचे ठोके जलद पडणं, न शिकवता समजला. निरोगी प्रौढाचा विश्रांतीतला श्वसनदर मिनिटाला साधारण 12 ते 20 असतो, तो मोजताना 'ब्रेथ्स पर मिनिट' तोंडात बसलं.

*

उच्चाराचं एक सांगते. 'ब्रेथ' हे नाम, 'ब्रीद' हे क्रियापद. लिहिताना फरक शेवटच्या एका अक्षराचा, पण बोलताना स्वरही बदलतो आणि शेवटचा ध्वनीही. 'टेक अ डीप ब्रेथ' आणि 'ब्रीद डीपली' ही जोडी मोठ्याने म्हणत राहा.

*

माझ्या मुलाला दमा आहे. इन्हेलरसोबतचा कागद हा माझा पहिला खरा इंग्रजी धडा. शेक, ब्रीद आउट, प्रेस, इन्हेल स्लोली, होल्ड युअर ब्रेथ. क्रम चुकला तर औषध फुप्फुसापर्यंत नीट पोचत नाही, म्हणून प्रत्येक क्रियापद जिवापाड लक्षात ठेवलं. आता डॉक्टरांना 'ही इज व्हीझिंग सिन्स मॉर्निंग' (सकाळपासून श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतोय) असं सांगते. व्याकरण कदाचित कच्चं असेल, पण त्यांना नेमकं कळतं.

*

वरच्या ताई, 'ही हॅज बीन व्हीझिंग सिन्स मॉर्निंग' म्हणा, बाकी सगळं उत्तम.

मला वाक्प्रचारी क्रियापदं अवघड जायची. श्वास रोखल्यावर होणारी तगमग मुख्यतः ऑक्सिजन कमी पडल्याने नव्हे, तर कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते, हे वाचून थक्क झालो. 'कार्बन डायऑक्साइड बिल्ड्स अप' हे वाक्य तिथलं. श्वास रोखून बघितला की 'बिल्ड अप'चा अर्थ छातीत जाणवतो.

*

विज्ञान शिकवतो, म्हणून एक आग्रह. 'मे', 'कॅन', 'इज लिंक्ड टु', 'सजेस्ट्स' हे छोटे शब्द आधी शिका. 'स्लो ब्रीदिंग मे लोअर ब्लड प्रेशर' आणि 'लोअर्स ब्लड प्रेशर' यांत मोठं अंतर आहे. पहिल्यात शक्यता आहे, दुसऱ्यात ठाम दावा. आरोग्यावरच्या मजकुरात हा भेद सुटला तर माणूस गोळ्या बंद करून प्राणायामावर विसंबतो, आणि याची मला खरोखर काळजी वाटते. माझे विद्यार्थी प्रत्येक लेखात अशा शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारतात. मग मथळ्याशी ताडून पाहतात. मथळ्यातून बहुतेक वेळा 'मे' गायब असतो.